इंद्रायणीबाईंची पाण्याची तक्रार

ओतूरच्या एसटी स्टँडमागं उगमबाईंचं साड्यांचं दुकान आहे. दुपारच्या आत तिथं गेलात तर गादीच्या कडेला, ब्लाउजपिसांच्या ढिगाआड, एक चाळिशीला टेकलेली बाई बसलेली दिसेल. तिच्यासमोर बसलेल्या बायका साडी बघायला आलेल्या नसतात. कुणाच्या सासऱ्याच्या पेन्शनीत सासूचं नाव चुकलेलं असतं, कुणाच्या नवऱ्याला युनिटात सुट्टी मिळत नसते, तर कुणाच्या पोराला त्याचा साहेब सरहद्दीऐवजी स्वतःच्या कुत्र्याची राखण करायला लावत असतो. फौजेत तक्रार नसतेच, असं फौज सांगते. मग या बायका पेठ गावावरून, महाळुंगे पडवळवरून तिकीट काढून इथं काय मागायला येतात, ते फौजेलाच ठाऊक.

या बाईचं नाव इंद्रायणी भगवंत डुंबरे. तिला हे काम कुणी दिलेलं नाही, त्याचा पगार नाही, पाटी नाही. तिनं आयुष्यात एकदा फौजेत तक्रार केली होती आणि तिचं पुढं काय झालं ते या भागात सगळ्यांना माहीत आहे. एवढी पात्रता आपल्याकडं पुरते.

माहेर तिचं महाळुंगे पडवळ. बाप कांदे-बटाटे करणारा, चुलता गावचा सरपंच. कॉलेजात असताना एकदा ती ग्रामसभेला गेली आणि भर सभेत उभी राहून म्हणाली, "नाना, तुमच्या गोठ्याम्होरं दिवा हाय आन् शाळंच्या वाटंला अंधार. म्हशींचा अभ्यास चाललाय व्हय?" सभा हसली. चुलता लाल झाला, घरी येऊन भावाला चार शब्द बोलला, पण आठवड्याच्या आत शाळेच्या वाटेला दिवा लागला. तेव्हापासून इंद्रायणीच्या डोक्यात पक्कं बसलं की तोंड उघडून तक्रार केली की काम होतं. तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा गैरसमज. तो घेऊनच ती ओतूरच्या डुंबऱ्यांच्या घरात नांदायला आली.

नवरा मिळाला तो अगदी उलटा. भगवंत तेव्हा फौजेत नाईक होता. लग्नाच्या पंगतीत आचारी वरणात मीठ टाकायला विसरला. वऱ्हाडी आरडाओरडा करायला लागले, सोयरे मांडवभर धावायला लागले, आणि नवरदेव मात्र मान खाली घालून भात कालवून खात होता. संध्याकाळी तिनं विचारलं, "वरण अळणी व्हतं, कळलं न्हाई का तुमाला?" भगवंत म्हणाला, "चांगलं व्हतं की." तिला वाटलं, आपल्याला संत मिळाला. फौजी मिळालाय, हे कळायला काही वर्षं जावी लागली.

ती वर्षं ती सासू-सासऱ्यांजवळ ओतुरातच राहिली. नवरा सरहद्दीवर, पोरगी अक्षदा कडेवर, म्हणून घरखर्चाला हातभार आणि जिवाला विरंगुळा या दोन्हींसाठी ती उगमबाईंच्या दुकानात जाऊ लागली. तिथं तिनं तक्रारीचं आणखी एक रूप पाहिलं. एखादी बाई रंग उतरलेली साडी घेऊन तणतणत यायची. उगमबाई आधी तिला बसायला लावायच्या, पाणी द्यायच्या, साडी उजेडात धरून बघायच्या आणि चूक असली तर बदलून द्यायच्या. नसली तरी ऐकून घ्यायच्या. ती बाई जाताना आणखी एक परकर घेऊन जायची. इंद्रायणीला वाटलं, एवढं साधं तर आहे सगळं.

मग भगवंत हवालदार झाला, युनिट उत्तरेकडच्या एका शांत छावणीत आलं आणि त्याला कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं. अक्षदा तेव्हा दुसरीत होती. सासूनं डोळ्याला पदर लावला, सासरे धर्माजी पारावर तीन दिवस सांगत बसले, आणि इंद्रायणी लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याजवळ राहायला गेली.

छावणी बघून ती हरखली. रस्त्याला कचऱ्याचं नाव नाही. कडेच्या विटा चुन्यानं रंगवलेल्या, झाडांची खोडंसुद्धा चुना लावून सावधानमध्ये उभी. प्रत्येक कोपऱ्यावर शिस्त, निष्ठा, एकजूट असे मोठमोठे फलक. ज्या घरात भाऊबंदकी असते त्याच घरात 'एकी हेच बळ' अशी तसबीर लावलेली असते, हे तिला ओतुरात बघून ठाऊक होतं. पण फौजेच्या बाबतीत ते लागू पडेल असं तिच्या मनात आलं नाही.

युनिटात साहेब दोन. मुख्य म्हणजे सीओसाहेब, आणि त्यांच्या हाताखालचे दोन नंबरचे टूआयसीसाहेब. सीओसाहेब नव्यानं बदलून आले होते. ते येईपर्यंत कित्येक महिने टूआयसीसाहेबच गाडा हाकत होते आणि त्यांना खुर्चीची ऊब लागली होती. सीओसाहेबांना फुलं आवडायची. टूआयसीसाहेबांना सीओसाहेब आवडायचे नाहीत. दोघं एकमेकांशी थेट बोलायचे नाहीत. जे काय सांगायचं ते सुभेदार मेजर हुद्द्याच्या एका बुजुर्ग माणसाकरवी, शेजारशेजारच्या खोल्यांतून.

सीओसाहेबांनी आल्या आल्या कचेरीसमोर मोठी बाग करायला घेतली. हजारभर रोपं, मध्ये फुलांत काढलेलं युनिटचं चिन्ह. टूआयसीसाहेबांनी लगेच पलीकडं व्हॉलीबॉलचं मैदान काढलं. जवानांची तब्येत फुलांनी सुधारत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी सुभेदार मेजरकरवी कळवलं. बागेला सकाळी पाणी लागायचं. मैदानाची धूळ बसायला संध्याकाळी पाणी लागायचं. बोअर सगळ्या युनिटाला एकच. तो बोअर चालवायचं काम हवालदार भगवंत डुंबरे यांच्याकडं होतं.

जवानांच्या क्वार्टरांना पाणी भरदुपारी यायचं. येताना नळ आधी खोकायचा, मग फुसफुसायचा आणि बादली अर्धी होते न होते तोच झोपी जायचा. बायका बादल्या घेऊन बागेपर्यंत जायच्या, तर तिथला पहारेकरी सांगायचा की हे पाणी फुलांसाठी आहे. कमला नावाची एक गढवाली शेजारीण होती, तिला तान्हं मूल होतं. ती बिचारी लंगोट धुवायला शेजारच्या युनिटातल्या ओळखीच्या घरी जायची. इंद्रायणीनं भगवंताला दोन-तीनदा विचारलं. तो म्हणायचा, "व्हईल." फौजेत 'व्हईल' हा पाण्याचा एक प्रकार आहे, तो पिता येत नाही एवढंच.

दर महिन्याला बायकांची वेलफेअरची बैठक व्हायची. नवऱ्याच्या खांद्यावर जेवढे तारे तेवढी बायकोची खुर्ची पुढं, त्यामुळं हवालदारणी पाठीमागच्या भिंतीला. सीओसाहेबांच्या मॅडम समोर, टूआयसीसाहेबांच्या मॅडम त्यांच्याशेजारी, दोघींच्या मध्ये फुलदाणी. गाणं झालं, लोणच्याची पाककृती झाली, समोसे आले. मग मोठ्या मॅडमनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "किसी बहन को कोई शिकायत?" आणि आरतीनंतर 'मोरया' म्हणावं तसं सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "नहीं मॅडम!"

इंद्रायणीची ही पहिलीच बैठक. तिला वाटलं, प्रश्न विचारलाय म्हणजे उत्तर पाहिजे असणार. ती उभी राहिली.

"मॅडम, पानी नहीं आता. बाग में येता है, ग्राउंड पे येता है, हमारे नळ को ही नहीं येता. इधर छोटे बच्चे हैं."

एका सुभेदारणीचा समोसा तोंडाशी जाऊन थांबला. मोठ्या मॅडम हसल्या, धाकट्या मॅडम त्यांच्याहून जास्त हसल्या. "बहुत अच्छा," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "लिखकर दीजिए. थ्रू प्रॉपर चॅनल."

तिनं रात्रीचा स्वयंपाक उरकायच्या आधीच लिहून दिलं. आणि ती तक्रार प्रॉपर चॅनलला लागली. कंपनीतून सुभेदार मेजरकडं, तिथून अॅडज्युटंटकडं, तिथून सीओसाहेबांच्या टेबलावर. सीओसाहेबांनी त्यावर 'मैदानाला पाणी का?' असं लिहून ती टूआयसीसाहेबांकडं पाठवली. टूआयसीसाहेबांनी 'बागेला पाणी का?' असं लिहून परत पाठवली. असं चार-दोनदा झाल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की असल्या क्षुल्लक बाबीवर साहेबानं वेळ घालवणं बरं नव्हे. मग ती खाली उतरू लागली. क्वार्टरमास्टर, त्याचा सुभेदार, आणि शेवटी योग्य त्या कार्यवाहीसाठी पाण्याच्या हवालदाराकडं.

भगवंत कागद घेऊनच घरी आला. बूटही न काढता दारात उभा राहिला.

"ही तू केली?"

"व्हय."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर कशाला? पाण्यावर केलीय."

"युनिटात पाणी म्हंजे मीच."

"मंग सोडा की."

"सकाळी सोडलं तर सीओसाहेब इचारत्यात, सांजच्याला सोडलं तर टूआयसीसाहेब."

"आन् दुपारी?"

"दुपारी बोअरात पाणी नसतं."

"ह्येच लिवा की मंग उत्तरात. शाळंतल्या पोराला बी कळंल."

वर्दीशिवाय परेडला जा म्हटल्यासारखा भगवंत तिच्याकडं बघत राहिला. उत्तर कसं लिहायचं ते त्याला आधीच सांगितलेलं होतं. पाणीपुरवठा पुरेसा आहे, तक्रारदार पूर्ण समाधानी आहे, खाली तक्रारदाराची सही. त्यानं कागद पुढं केला.

"मी समाधानी न्हाई," ती म्हणाली.

"समद्या करत्यात सह्या."

"मंग त्यांच्याच घ्या."

"इंद्रायणे, माझं नायब सुभेदारीचं नाव याचंय यंदा. कशाला खोडा घालती?"

"लग्नात अळणी वरण मुकाट गिळलं, तवाच मला कळाय पायजे व्हतं."

सही झाली नाही. त्या दिवसापासून युनिटात न बोलणाऱ्या जोड्या दोन झाल्या.

सही नाही म्हटल्यावर खरी खळबळ उडाली. पाणी येतं का नाही, हे बघायला क्वार्टरांकडं कुणीच फिरकलं नाही. दोन्ही साहेबांना पडलेला प्रश्न वेगळाच होता. सीओसाहेबांनी भगवंताला बोलावून विचारलं, "इसके पीछे कौन है?" त्यांची खात्री होती की टूआयसीनं ही बाई उभी केलीय. तासाभरानं टूआयसीसाहेबांनी बोलावून हेच विचारलं. त्यांची खात्री होती की हा सीओचाच डाव आहे. भगवंत दोन्हीकडं म्हणाला, "साब, वो गाँव से ही ऐसी आई है." ते कुणालाच पटलं नाही. आपली बुद्धी वापरून तक्रार करणारी हवालदारीण दोघांच्याही नोकरीत कधी आली नव्हती.

त्यातच जनरलसाहेब सपत्नीक भेटीला येणार असल्याचा निरोप आला. जनरलसाहेबांच्या मॅडम क्वार्टरांमध्ये जाऊन बायकांशी बोलणार होत्या. झालं! एक दिवस धाकट्या मॅडम केक घेऊन इंद्रायणीच्या दारात. "बिलकुल मत डरना," त्या म्हणाल्या, "बाग की बात जरूर बताना. सिर्फ बाग की." दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी चहाला बोलावलं. मैदानाची बाब मांडणं हे आपलं कर्तव्य आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. फक्त मैदानाची. इंद्रायणीनं केकही खाल्ला, चहाही प्यायली आणि दोघींनाही एकच उत्तर दिलं, "दोन्ही सांगते ना मॅडम."

तेव्हा मात्र दोन्ही साहेब घाबरले आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. काम सुभेदार मेजरकडं सोपवण्यात आलं. हा माणूस मुरलेला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एकही तक्रार सोडवली नव्हती आणि एकही वर जाऊ दिली नव्हती. त्यानं भगवंताला बोलावलं.

"डुंबरे, छुट्टी माँगी थी न तूने?"

"साब, वो तो मार्च में माँगी थी. नामंजूर हुई."

"मंजूर हुई. कल की गाडी पकड. बीवी-बच्ची को भी ले जा. आराम कर."

एवढ्या चपळाईनं फौजेनं दुसऱ्या कुठल्या तक्रारीचं निवारण केल्याचं ऐकिवात नाही.

ओतुरात उतरल्यावर धर्माजींना कोण आनंद झाला. पोराला खास सुट्टी दिली म्हणजे काही कामगिरी गाजवली असणार, असं त्यांनी पारावर जाहीरही केलं. सासू मात्र दोन दिवसांत ताडून गेली. लेक जेवताना बोलत नाही, सून नजर देत नाही. तिनं अक्षदाला खोबऱ्याची वडी दिली आणि सगळं काढून घेतलं.

"पाण्यापायी गेलीस व्हय भांडाया?" ती सुनेला म्हणाली. "हितं तरी रोज कुटं येतंय नळाला? एक दिसाआड भरतोच की आपण. त्याची बढती गेली म्हंजे कळंल. तोंड आवरता येईना बाई तुला."

"आत्या, हितं समद्यांनाच एक दिसाआड येतंय. तिथं फुलांना रोज यायचं."

ती बोलली खरी, पण ते शब्द तिला लागले. बढती खरंच गेली तर? ज्या माणसाजवळ राहायला इतकी वर्षं थांबलो, त्याच्याच वाटेत आपण काटा झालो का? दुसऱ्या दिवशी ती उगमबाईंच्या दुकानात गेली आणि घड्या घालता घालता सगळं सांगून तिनं विचारलं, "काकी, माझं चुकलं का?"

उगमबाईंनी गिऱ्हाइकाची साडी तपासताना सरकवावा तसा चष्मा नाकावर सरकवून तिच्याकडं बघितलं. "पाणी येत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग तक्रारीत काय चुकलं? चुकलं ते दुसरंच. तुझं मागणं तुझ्या नवऱ्याला कागदातून कळलं. बैठकीत उठायच्या आधी त्याला सांगायचं, की उद्या मी असं असं बोलणार आहे. घरच्या माणसाला आपली बातमी बाजारातनं कळू नये."

हे तिला पटलं. त्या संध्याकाळी मळ्यात कांद्याची पात खुरपत असलेल्या भगवंताशेजारी ती खुरपं घेऊन बसली. "तक्रार मी परत करीन," ती म्हणाली, "पण तुमाला न सांगता केली, ते चुकलं माझं." भगवंतानं पुढच्या दोन सऱ्या खुरपून काढल्या. मग म्हणाला, "कमलीच्या पोराला ताप आला व्हता, तवा मला बी वाटलं व्हतं बोलावं." त्यानं स्वतःहून सांगितलेली ही पहिली गोष्ट. दोघं घरी परत आले ते बोलत आले.

इकडं जनरलसाहेबांची भेट पार पडली. कशी, ते कमलानं फोनवर हसत-रडत सांगितलं. सगळ्या बायकांकडून आधी उत्तरं घोकून घेतली होती. टाकीत टँकरनं पाणीही भरून ठेवलं होतं. पण पहाटे सीओसाहेबांना फुलं कोमेजलेली दिसली आणि टूआयसीसाहेबांना मैदानावर धूळ दिसली, आणि दोघांना सांभाळून घ्यायला टाकीवर डुंबरे नव्हता. दोन्हीकडून हुकूम सुटले आणि टाकी बागेत अन् मैदानावर रिकामी झाली. जनरलसाहेबांच्या मॅडम कमलाच्या घरात आल्या, बाळाला घेतलं आणि बाळानं आपलं काम केलं. मॅडमनी हात धुवायला नळ सोडला. नळ खोकला. मॅडमनी विचारलं, "सब ठीक है न?" कमलाला उत्तर पाठ होतं आणि समोर नळही दिसत होता. ती म्हणाली, "सब ठीक है मॅडम, पानी नहीं है."

मग चौकशी लागली. पाण्याची जबाबदारी कुणाची? दोन्ही साहेबांनी एकाच बोटानं एकाच माणसाकडं दाखवलं, आणि तो सुट्टीवर होता हे तर आणखीच सोयीचं. हवालदारानं पंप नीट चालवला नाही, असं ठरत आलं. भगवंताची सुट्टी रद्द झाली.

एसटी स्टँडवर त्याला सोडायला ती गेली. "कुणाचं बी नाव घ्या," ती म्हणाली. "माझं घ्यावं लागलं तर माझं घ्या. पर खरं सांगा."

"बघू," भगवंत म्हणाला आणि नारायणगावच्या गाडीत चढला.

काही दिवसांनी ती दुकानात नवरीकडच्या पाहुण्यांना शालू दाखवत असताना फोन वाजला. नंबर अनोळखी. बाहेरच्या युनिटातून चौकशीला आलेले एक कर्नल बोलत होते. खोलीत भगवंत उभा होता, दोन्ही साहेब बसलेले होते आणि फोन स्पीकरवर होता. नंतर तिला कळलं की आधी भगवंताला विचारलं होतं, पाणी कुणाच्या हुकमानं सोडत होतास? त्यानं बुटांकडं बघत सांगितलं, "याद नहीं, साब." दोन्ही साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला होता. मग विचारलं, तक्रार कुणी केली होती? तो म्हणाला, "वाइफ ने." नंबर मागितला. गावात रेंज नसते, असं म्हणून त्याला सुटता आलं असतं. त्यानं नंबर दिला. त्याच्या सगळ्या नोकरीत एवढं धाडस त्यानं सरहद्दीवरही केलं नसेल.

"आपने शिकायत की थी कि पानी नहीं आता," कर्नल म्हणाले. "मतलब आपके पति पंप ठीक से नहीं चलाते थे?"

इंद्रायणीच्या हातातला शालू तसाच राहिला. नाही म्हणावं तर तक्रार खोटी, हो म्हणावं तर नवरा गुन्हेगार. दुकानातले पाहुणे तिच्याकडं बघू लागले. उगमबाईंनी पंखा बंद केला.

"साहेब, पंप तो एकदम बराबर चलाया उन्होंने," ती म्हणाली. "सुबह बडे साहेब की बाग को, शाम को छोटे साहेब के ग्राउंड को. जिसने जो बोला वो किया. वो किसी को ना नहीं बोलते, मुझे छोड के."

पलीकडं कुणीतरी खोकलं. यावेळी नळ नव्हता.

"ये सब बोलना आपको किसने सिखाया?"

"दोनों मॅडम ने सिखाया था साहेब, आधा-आधा. एक बोली बाग का बताओ, एक बोली ग्राउंड का बताओ. मैंने जोड के बोल दिया."

मग "धन्यवाद" म्हणून फोन बंद झाला. पाहुण्यांनी शालू घेतला, भाव न करता.

चौकशीचा निकाल यथावकाश लागला. दोष कुणाचाच निघाला नाही. सगळा दोष 'समन्वयाच्या अभावा'चा होता. अभावाला शिक्षा करता येत नाही, कारण तो हजर नसतो. सीओसाहेबांना बढती मिळाली. टूआयसीसाहेबांना त्यांचं स्वतःचं युनिट मिळालं, तिथं म्हणे दोन मैदानं आहेत. सुभेदार मेजर निवृत्त झाले आणि जवानांच्या अडचणी आपुलकीनं सोडवल्याबद्दल निरोप समारंभात त्यांचा सत्कार झाला. क्वार्टरांसाठी वेगळा बोअर पडला, टाकी बांधली, टाकीवर जनरलसाहेबांच्या मॅडमच्या नावाची फरशी लागली. कमलानं धो धो वाहणाऱ्या नळाचा व्हिडिओ पाठवला. इंद्रायणीनं तो सासूला दाखवला. सासू म्हणाली, "बंद कर म्हणावं तिला, वाया जातंय."

आणि भगवंत? त्याच्यावर ठपका आला नाही, पण बढतीच्या यादीत नावही आलं नाही. त्याची बदली बर्फातल्या चौकीवर झाली, जिथं कुटुंब नेता येत नाही. क्वार्टर सोडावं लागलं. तिची पेटी, अक्षदाची सायकल आणि दोन कोऱ्या बादल्या ट्रकनं ओतुरात परत आल्या. त्या दिवशी मात्र इंद्रायणी माडीवर जाऊन पोटभर रडली. पाणी आलं होतं, पण ज्या घरात आलं त्या घरात आता दुसरंच कुणी राहत होतं.

शालूवाल्या पाहुण्यांनी फोनची गोष्ट मीठमसाला लावून गावोगाव नेली होती. महिनाभरात पेठेवरून तेजस्विनी नावाची एक पोर आली. नवऱ्याला साहेबाच्या घरी भांडी घासायला लावतात, काय करू, म्हणून. इंद्रायणीनं तिला पाणी दिलं आणि पहिल्यांदा विचारलं, "नवऱ्याला माहीत हाय का, तू हितं आलीस ते?" पोरीनं नकारार्थी मान हलवली. "आधी त्याला सांग. मग ये, मी लिहून देते." ती परत आली, नवऱ्याला सांगून. मग दुसरी आली, तिसरी आली. सगळीच कामं होतात असं नाही. निम्मी पत्रं तर प्रॉपर चॅनलमध्ये अजून चालतच असतील. तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या दोन संघटना आहेत, एकमेकींशी न बोलणाऱ्या. दोन्हींनी तिला महिला प्रमुख व्हायला बोलावलं. तिनं कळवलं की दोन्ही अध्यक्ष एका गाडीत बसून दुकानात आले तर विचार करीन. अजून कुणी आलेलं नाही.

परवा दुपारी दुकानात गर्दी नव्हती, तेव्हा भगवंताचा फोन आला. त्या चौकीवरून फोन लागतो तो आठवड्यातून एखाद्या वेळी, तोही तुटक.

"कसं हाय?"

"ठीक."

"पाणी?"

"लई. फकस्त वितळवावं लागतंय."

"आन् तुमची काय तक्रार?"

"आपली कसली आलीय तक्रार."

एरवी ती हसून विषय बदलायची. त्या दिवशी तिनं तो बदलला नाही. दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली आणि फोन कानाला लावून थांबली. वारा ऐकू येत होता. मग भगवंत हळूच म्हणाला, "डावा बूट चावतोय. आल्यापासनं."

"बरं."

"आन् गुडघा उतारावर धरतोय. आचाऱ्याला चपाती येत न्हाई, पापड करतोय निस्ता. आन् त्यो नवा कॅप्टन हाय, पोरगं हाय, मिशी फुटंना धड, आन् मला समद्यांसमोर अंकल म्हणतोय. मी काय अंकल हाय व्हय? आन् ती..."

फोन कट झाला. इंद्रायणी पायरीवरच बसून राहिली. आतून उगमबाई तिला काहीतरी विचारत होत्या, तिनं हातानंच थांबा म्हटलं. थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला. त्यानंच लावला होता.

"कुटवर आलो व्हतो गं?"

"कॅप्टनपतोर," ती म्हणाली. "सांगा."